आईच्या मिनिटांनी मोजलेलं पोंतेवेद्रा

पहिला दिवस, मंगळवार

पोर्तुगालमधल्या पोर्तोहून सकाळची गाडी पकडली. भाचा तिथं शिकतो, त्यामुळे मुक्काम त्याच्याकडेच होता. सीमा ओलांडली की घड्याळ एक तास पुढं करायचं. विगोला गाडी बदलून जेवायच्या वेळेला पोंतेवेद्राला उतरलो. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या गॅलिसिया प्रांतातलं हे गाव, वस्ती सुमारे 83,000. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं. इथं बघण्यासारखं काय आहे, असं मला पुण्यात सगळ्यांनी विचारलं होतं. रस्ते बघायला चाललेय, असं मी सांगत होते आणि ते खरंच होतं.

आई बरोबर होती, म्हणून थोडं मागचं सांगायला हवं. आईचं घर नारायण पेठेतलं. 2018 साली घराच्या कोपऱ्यावर, फूटपाथवरून आलेल्या एका स्कूटरनं आईला पाडलं. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आई हिंडूफिरू लागली, पण रस्त्यावर पाऊल टाकेना. वर्षभरात आम्ही तिला सिंहगड रोडला आमच्याकडे आणलं. सत्तरी ओलांडलेली, पेठेत वाढलेली बाई सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायला लागली. पुढं 11 डिसेंबर 2021ला महापालिकेनं लक्ष्मी रोड एक दिवस गाड्यांना बंद ठेवला, नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक. मी तिला रिक्षानं नेलं. रस्त्याच्या मधोमध काठी टेकत ती एवढी चालली की मीच दमले. परत येताना म्हणाली, "हे रोज असतं तर मी घर सोडलंच नसतं गं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढण्यात माझी तीस वर्षं गेली, म्हणून शोधायची सवय आहे. हे रोज असतं असं गाव कुठं आहे, ते शोधत गेले आणि पोंतेवेद्रा सापडलं.

स्टेशन गावाच्या दक्षिण टोकाला आहे. टॅक्सी करायचीच, असं भाच्यानं ठरवलं होतं. आई म्हणाली, "बाळा, थोडं चालून तरी बघू." पहिल्या काही मिनिटांत कुठल्याही गावासारखंच वाटतं. गाड्या आहेत, सिग्नल नावालाच. मग हळूहळू एक गोष्ट लक्षात येते. झेब्रा क्रॉसिंगवर फूटपाथ खाली उतरत नाही, रस्ताच फूटपाथच्या उंचीला चढून येतो. गाडीनं चढायचं आणि उतरायचं, माणसानं सरळ चालत राहायचं. आईला खुब्याच्या त्रासामुळे पायरी उतरणं सगळ्यात अवघड जातं. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. तीन क्रॉसिंग झाल्यावर तीच म्हणाली, "इथं उतरावं लागत नाही."

पुढं गेल्यावर फूटपाथ आणि रस्ता हा फरकच संपतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत ग्रॅनाइटची फरसबंदी, सगळी एका पातळीत.

दुसरा दिवस, बुधवार

सकाळी पर्यटन कार्यालयातून मेट्रोमिनुतो घेतला. हा नकाशा 2011पासून निघतो. दिसायला थेट मेट्रोच्या नकाशासारखा, रंगीत रेघा आणि गोल ठिपके. गावात मेट्रो नाही. ठिपके म्हणजे चौक, बाजार, स्टेशन, दवाखाना. रेघा म्हणजे चालायच्या वाटा. प्रत्येक रेघेवर अंतर आणि चालायला लागणारी मिनिटं छापलेली. ताशी 5 किलोमीटर वेग धरला आहे. पुढं युरोपातल्या बऱ्याच शहरांनी याची नक्कल केली. गाव मुळात एवढं आटोपशीर आहे की या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीसेक मिनिटांत चालत जाता येतं. लोकांना त्याचा विसर पडला होता, नकाशानं आठवण करून दिली.

आईनं चष्मा लावून नकाशा नीट वाचला. मग माझ्याकडून पेन्सिल घेतली आणि म्हणाली, "ही तरण्या माणसांची मिनिटं. माझी मी लिहिते." चार दिवस तिनं तेच केलं. छापलेल्या आकड्याशेजारी तिचा आकडा, बहुतेक दुप्पट.

नाश्ता करून पेरेग्रीनाच्या देवळापाशी आलो. शंखशिंपल्याच्या आकारात रचलेलं हे गोलसर चर्च 1778ला बांधायला घेतलं. पोर्तुगालहून सान्तियागोला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट इथूनच जाते. पाठीवर पिशवी, पिशवीला शिंपला, चिखलाचे बूट. आईनं त्यांना बघून लगेच "वारकरीच की" म्हटलं आणि एका बाईला हात जोडून नमस्कार केला. त्या बाईनंही काठी बगलेत धरून हात जोडले.

शेजारी एका पोपटाचा पुतळा आहे. रावाचोल त्याचं नाव, जवळच्या औषधाच्या दुकानातला पोपट, गिऱ्हाइकांना शिव्या देण्याबद्दल प्रसिद्ध. 1913 साली मेला तेव्हा सगळ्या गावानं त्याची अंत्ययात्रा काढली. अजूनही कार्निव्हलच्या शेवटी त्याची आठवण काढतात. ज्या गावाच्या रस्त्यांवर एका पोपटासाठी गर्दी जमली, तेच रस्ते पुढं गाड्यांनी बुजवले.

जुन्या गावठाणातल्या चौकांची नावं मला फार आवडली. प्रासा दा लेन्या, म्हणजे सरपणाचा चौक. प्रासा दा वेर्दुरा, भाजीचा चौक. प्रासा दा फेरेरीया, लोहारकामाचा. आपल्या तांबट आळी, दाणे आळीसारखीच. तिथं काय विकलं जायचं आणि काय घडायचं त्यावरून. लेन्यात दगडी खांबांच्या ओसऱ्या आहेत, मधे दगडी क्रूस. सकाळी अकराला चार म्हाताऱ्या तिथं बाकावर बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या, घरी बसून सोलाव्यात तशा. आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. गॅलिशियन भाषा पोर्तुगीजच्या जवळची, त्यामुळे भाच्याचं काम भागत होतं. पण त्या अर्ध्या तासात त्याची गरज फारशी लागली नाही. आईनं मूठभर शेंगा घेतल्या आणि सोलायला लागली.

त्यांतल्या सगळ्यात मोठ्या आजींनी भाच्याला जे सांगितलं ते मी त्याच रात्री वहीत लिहून काढलं. तीस वर्षांपूर्वी या चौकात संध्याकाळनंतर कोणी पाऊल टाकत नसे. या किनाऱ्यावर तेव्हा तस्करी जोरात होती. गर्दुल्ले ओसऱ्यांखाली बसत, दिवसा बाकीची सगळी जागा गाड्यांनी व्यापलेली असे. त्यांच्या तिन्ही मुलांनी बाहेर घरं घेतली. आजी एकट्याच वरच्या मजल्यावर, खिडक्या लावून. जमेल तो गाव सोडत होता. कुठल्याही जुन्या शहराच्या मधल्या भागाची गोष्ट अशीच असते. पुढचं तेवढं सगळीकडे घडत नाही.

1999 साली मिगेल आन्शो फेर्नान्देस लोरेस हे डॉक्टर महापौर झाले. त्यांच्या मंडळींनी आधी रहदारी सुधारण्याचा विचार करून पाहिला. गावात राहणाऱ्यांपेक्षा गावातून जाणाऱ्या गाड्याच रोज जास्त होत्या, काही बसेना. मग त्यांनी प्रश्नच उलटा केला. रस्त्याचा मालक कोण? गाडी विकत घेतली म्हणून सार्वजनिक जागा अडवायचा हक्क मिळतो का? पहिल्याच फेरीत, महिन्याभराच्या आत, गावठाणातली 3,00,000 चौरस मीटर जागा त्यांनी पायी चालणाऱ्यांसाठी मोकळी केली.

दुपारी तीन वाजता सगळं गाव बंद झालं. आम्हीही झोपलो.

तिसरा दिवस, गुरुवार

रात्रभर पाऊस. सकाळी उघडीप झाली तशी मी एकटीच बाहेर पडले, कारण ओल्या फरशीवर आईला नेणं बरं नव्हतं आणि मला पाणी कुठं जातं ते बघायचं होतं.

हे जरा बारकाईनं सांगते, कारण सगळं मर्म इथं आहे. फूटपाथ काढून टाकला की पहिली अडचण पाण्याची. आपल्याकडे रस्त्याचा उतार दोन्ही कडांना असतो, पाणी फूटपाथच्या कडेनं वाहतं, कड नसेल तर थेट दुकानात शिरेल. मी ज्या गल्लीत उभी होते तिथं उतार उलटा होता. दोन्ही भिंतींकडून मधे. अगदी हलका, चालताना पायाला कळतसुद्धा नाही. मधोमध दगडातच कोरल्यासारखी उथळ पन्हळ, तळहाताएवढी रुंद, ठरावीक अंतरावर बारीक जाळी. फरशी खरखरीत ठेवलेली, पॉलिश नाही. मी चप्पल घासून पाहिली, घसरत नाही. दगड याच भागातला. जवळचं पोरिन्यो गाव ग्रॅनाइटच्या खाणींसाठीच ओळखलं जातं. दाराचे उंबरे आणि फरशी यांत बोटभर फरक. म्हणजे प्रत्येक घराच्या दाराशी येऊन कुणीतरी पातळी मोजली असणार. आमच्या ऑफिसात असलं मोजमाप "नंतर साइटवर बघू" म्हणून सोडलं जायचं आणि मग साइटवर कुणीच बघायचं नाही. पावसाळ्यात माणसं दोन विटा ठेवून दुकानात शिरतात ती त्यामुळे.

साडेआठ वाजता मालाच्या गाड्या आल्या. इथं गाडीला सरसकट बंदी नाही. दुकानात माल टाकायला, घरातल्या गॅरेजमध्ये न्यायला, अपंग माणसाला सोडायला गाडी येते. काम करायचं आणि निघायचं, उभी करून ठेवायची नाही. ब्रेडचा टेम्पो माझ्या मागं माणसाच्या चालीनं येत होता. मी बाजूला झाले तर चालकानं हातानं खूण केली, तुम्ही चाला. रस्ता एका पातळीत असला की चालकाला आपली वेगळी पट्टी दिसत नाही, आपण लोकांच्या अंगणात आलोय असं वाटतं, आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. पाटी लावून जे होत नाही ते दगडाच्या पातळीनं होतं. 2010पासून गावभर वेगाची मर्यादा ताशी 30 किलोमीटर आहे.

गाड्या गेल्या कुठं? लोरेस यांच्या मंडळींच्या हिशोबात दोन प्रकारच्या गाड्या नको होत्या. गावातून नुसती पार होणारी आणि जागा शोधत गोल गोल फिरणारी. पार होणारीला मधून वाटच ठेवली नाही. एका बाजूनं आत शिरलं तर त्याच बाजूला बाहेर पडावं लागतं. फिरणारीचं कारण म्हणजे रस्त्यावरचं पार्किंग, ते काढलं. गावाच्या कडेला 1,686 गाड्यांची फुकट सोय केली, तिथून चालत यायचं. मेट्रोमिनुतोचा खरा उपयोग हा आहे. गाडी लावल्यापासून बाजारापर्यंत किती मिनिटं, ते माणसाला आधीच कळतं.

व्यापाऱ्यांचा सुरुवातीला कडकडून विरोध होता. गिऱ्हाईक दारात गाडी लावू शकलं नाही तर धंदा बुडेल, हे वाक्य पुण्यात मी इतक्यांदा ऐकलं आहे की भाच्यानं एका कापड दुकानदाराचं बोलणं मराठीत सांगायला सुरुवात केली तेव्हा पुढचं मीच पुरं केलं. त्या दुकानदाराचे वडील तेव्हा विरोधात सह्या गोळा करत हिंडले होते. आता दुकान तो चालवतो. मी विचारलं, वडिलांचं मत कधी बदललं? तो म्हणाला, बोलून कधीच दाखवलं नाही, पण दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसायला लागले. गावाबाहेर मोठे मॉल उभे राहू दिले नाहीत, हेही त्यानं बजावून सांगितलं. हा मुद्दा आपण विसरतो. मधला रस्ता चालायला कितीही छान केला आणि हायवेला चार मजली मॉल उभा केला, तर त्या छान रस्त्यावर चालणार कोण?

संध्याकाळी आईला घेऊन फेरेरीया चौकात गेलो. ओसऱ्यांखाली कॉफीवाले, मधे मोकळी दगडी जमीन. मुलांनी फुटबॉल काढला. चेंडू दोनदा आईच्या पायाशी आला. पहिल्यांदा ती दचकली, काठी घट्ट धरली. दुसऱ्यांदा तिनं काठीनंच परत ढकलला. आजूबाजूला एकही आईबाप मुलांच्या मागं धावत नव्हता, ओरडत नव्हता. मी तासभर तिथं बसून ऐकत होते. हॉर्न नाही, इंजिनाचा आवाज नाही. चमचे, कबुतरं, चेंडूचे ठोके, आणि चौकाच्या त्या बाजूला चाललेलं भांडण इथपर्यंत ऐकू येत होतं.

चौथा दिवस, शुक्रवार

सकाळी बाजार. लेरेस नदीच्या काठाला दगडी मंडई आहे. मासे विकणाऱ्या बायकांचा दरारा आपल्या कोळणींसारखाच. आम्ही शाकाहारी, त्यामुळे भाजी, पाव आणि चीज घेऊन वळलो. जेवणाचे हाल होतील ही भीती होती. पण पाद्रोनच्या छोट्या हिरव्या मिरच्यांनी तारलं. तेलात परतून वर जाडं मीठ. दहातली एखादीच तिखट निघते. आईला नवव्या मिरचीला ठसका लागला आणि चार दिवसांत पहिल्यांदा जेवण चवीचं लागलं म्हणाली.

नदीवर बुर्गोचा जुना पूल आहे. गावाच्या नावाचा अर्थच जुना पूल. आता तो पायी चालणाऱ्यांचा झालाय. आईनं आरपार जाऊन यायचा हट्ट धरला. येताना मधे थांबावं लागलं, तर टेकायला दगडी कठडा होता.

सांता मारियाच्या चर्चकडे चढ आहे, म्हणून तिथं मी आणि भाचाच गेलो. दर्यावर्दी लोकांच्या संघानं सोळाव्या शतकात बांधलेलं. दर्शनी भागावर संतांची दाटी, त्यांत एका संतानं चष्मा लावलाय, दगडाचा. हे सान हेरोनिमो. खाली उभं राहून शोधायला मला दहा मिनिटं लागली.

दुपारी आई झोपल्यावर मी आकड्यांची वही काढली. याच रस्त्यांवर 1996 ते 2006 या दहा वर्षांत अपघातांत 30 माणसं गेली होती. पुढच्या दहा वर्षांत 3. कार्बन डायऑक्साइड 70 टक्क्यांनी उतरला. मध्यभागात 12,000 माणसं नव्यानं राहायला आली. हा शेवटचा आकडा मला सगळ्यात मोठा वाटतो. 2014 साली संयुक्त राष्ट्रांच्या वस्तीविषयक संस्थेचा दुबई पुरस्कार गावाला मिळाला. लोरेस यांनी 1999पासून प्रत्येक निवडणुकीत महापौरपद टिकवलं, 2023ची धरून.

सगळं गोडच आहे असं नाही. आमची घरमालकीण गावाच्या कडेच्या वस्तीत वाढलेली. तिचं म्हणणं, मधल्या गाड्या आमच्या दारात आल्या. शाळा सुटायच्या वेळी कडेच्या रस्त्यावर कोंडी होते, ती मीही पाहिली. गावठाणातल्या गल्ल्यांत रात्री एकपर्यंत बारचा गोंगाट असतो. तो आम्ही खिडक्या लावून सोसला. आणि 83,000 वस्तीचं गाव म्हणजे पुणे नव्हे, हे मला कुणी सांगायला नको. पण आपली पेठ तरी केवढी आहे? शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंत धडधाकट माणूस पंधरा मिनिटांत पोचतो. पेठा चालण्यासाठीच वसल्या. आपल्याला नवं काही बसवायचं नाही, आहे ते मोकळं करायचं आहे.

पाचवा दिवस, शनिवार

सकाळी सातला जाग आली तर आईचा पलंग रिकामा. काठी नाही, शाल नाही. तिला ना भाषा येत, ना तिच्याकडे फोन. भाचा जिना उतरून धावला. मी गॅलरीतून वाकून बघत होते, घशाला कोरड पडली होती. 2018मध्ये ती अशीच सकाळी दुधाला म्हणून बाहेर पडली होती.

ती गल्लीच्या टोकाकडून येताना दिसली. रस्त्याच्या अगदी मधून, पन्हळीच्या कडेकडेनं, सावकाश. एका हातात काठी, दुसऱ्या हातात लांब पाव, कागदात गुंडाळलेला. मागून एक सायकलवाला आला, तिला वळसा घालून गेला. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

मी रागावायचं ठरवलं होतं. वर आल्यावर ती म्हणाली, "अगं, बेकरी कुठं आहे ते काल पाहून ठेवलं होतं. बोट दाखवलं, पैसे पुढं केले, तिनं घेतले तेवढे घेतले." मग खुर्चीवर बसून पिशवीतून नकाशा काढला. बेकरी त्यात छापलेली नाही. तिनं आमच्या घराजवळ एक ठिपका काढला, दुसरा ठिपका बेकरीचा, मधे रेघ, आणि रेघेवर लिहिलं, 9.

अकराच्या गाडीनं निघायचं होतं. सामान भाच्यानं ओढलं, आम्ही दोघी चालत स्टेशनला गेलो. फलाटावरच्या बाकावर बसल्यावर तिनं तोही आकडा लिहिला. मग नकाशाची घडी घालता घालता मला विचारलं, "अप्पा बळवंत चौकापासून तुळशीबागेपर्यंत आपल्याला किती मिनिटं लागायची गं?"

मला सांगता येईना. गाडी येईपर्यंत आम्ही दोघी दुकानं मोजत बसलो.